ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायच्या आधी हे बघ
अरे भावा, चेक लाइट लागली न् गाडी चालू होईना म्हणून लगेच ईसीएम गेला असं धरू नकोस, तो सहसा जात नाही. आधी बॅटरी, मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच), फ्यूज आणि अर्थिंग बघ. मग इग्निशन ऑन करून सेन्सरची ५ व्होल्टची लाइन मल्टीमीटरवर मोज, तिथे व्होल्टेज पडलेलं असेल तर एकेक सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढत जा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो सेन्सर शॉर्ट आहे, ईसीएम बिचारा ठीकच. पावसाळ्यानंतर कपलरमधे हिरवट गंज हमखास सापडतो. खरंच बदलायची वेळ आली तर पार्ट नंबर तंतोतंत जुळव, आणि सेकंडहँड घेणार असशील तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं लॉक) मॅच कोण करून देणार ते आधी विचार, नाहीतर इंजिन चालूच होणार नाही (विकणारे हे सांगत नाहीत!). ईसीएमचा कपलर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढ.