वाचकांचे प्रश्न : पाखरं बुजतात कशाने?

प्रश्न : बाल्कनीत दाणापाणी ठेवतो. चिमण्या, बुलबुल येतात, पण मी दार सरकवलं की सगळे भुर्रकन पसार. त्यांची भीड कशी चेपेल? (डोंबिवली)

उत्तर : तुमच्यापेक्षा दाराची भीती मोठी आहे. अचानक आवाज, झटक्यात हालचाल आणि रोखून पाहणं, या तिन्हींनी पाखरू उडतं. म्हणून आधी जागा आणि वेळ पक्की करा. उजाडल्यानंतरचा तास उत्तम, कारण रात्रभराच्या उपासाने पाखरं भुकेली असतात. मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी पुरे. बुलबुलाला पिकल्या पपईची किंवा केळ्याची फोड ठेवा. फरसाण, बिस्किटं, मिठाचा भात अजिबात नको. पाणी मातीच्या पसरट थाळीत, दोन इंचांपेक्षा खोल नको, आणि मध्ये एक खडबडीत दगड. थाळी रोज घासून पाणी बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

आठवडाभराने बसायला लागा. दार आधीच उघडून ठेवा आणि पाखरं यायच्या आत खोलीत, दाण्यांपासून चारेक मीटरवर खुर्ची टाका. समोरासमोर नको, तिरपं बसा. नजर वर्तमानपत्रात असू द्या. तीन-चार दिवसांनी खुर्ची वीतभर पुढे. चिमणी डोकं खाली घालून सलग टिपत असेल तर अंतर बरोबर आहे. टिपणं थांबलं, मान ताणली गेली, पिसं अंगालगत चापून ती एकदम बारीक दिसू लागली, की उडायच्या बेतात आहे समजा. तिच्याकडे बघू नका आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची मागे न्या. घाई केलीत तर आठवड्याची कमाई एका सकाळी जाते.

हातावर दाणे टिपायला लावण्याचा हट्ट मात्र नको. माणसाला न बुजणारं पाखरू गलोलवाल्या पोरालाही बुजत नाही. आणि सलगी झाली म्हणून पोपट घरात ठेवून घेणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : सगळे दाणे कबुतरंच फस्त करतात. (पुणे)

उत्तर : उघडी थाळी ठेवलीत की ती येणारच. सुमारे ४ सेंटिमीटर चौकोनांच्या जाळीचा पिंजरा थाळीवर उपडा घाला. जाळी आणि दाणे यांत चहूबाजूंनी वीतभर अंतर हवं, नाहीतर कबुतर मान घालून खातं. चिमणी, मुनिया आरामात आत शिरतात. पण नव्या वस्तूला त्याही बिचकतात, म्हणून दोन-चार दिवस पिंजरा नुसता शेजारी ठेवा. कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नका, तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. पाणी मारून, मास्क लावून पुसा.

प्रश्न : मनीप्लांटमध्ये बुलबुलाने घरटं केलंय. फोटो काढू का? (मडगाव)

उत्तर : नको. बांधताना आणि अंड्यांवर असताना सारखं उठवलं तर जोडी घरटं सोडते. शिवाय तुम्ही कुठे वाकून बघता हे कावळा टिपतो. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी तेवढेच. तोवर मादी चरायला गेलेली पाहून बुंध्याशी पाणी घाला. पिसं फुटलेलं पिल्लू खाली दिसलं तर जवळच्या फांदीवर ठेवून दूर व्हा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकतात, हा गैरसमज आहे. ते येऊन चारतात.