बिग बँग नेमका झाला कुठे?

प्रश्न: नातू सातवीत आहे, विचारतो की आजी, बिग बँग कुठे झाला, आकाशात कुठल्या बाजूला बघायचं? आणि आपला त्र्यंबकचा ब्रह्मगिरी तेव्हापासूनचाच ना? काय सांगू त्याला?
– एक आजी, पंचवटी, नाशिक

उत्तर: आजी, त्याला सांगा की कुठल्याही बाजूला बघ, चालेल! बिग बँग, म्हणजे आपल्या विश्वाची सुरुवात, म्हटलं की आपल्याला सुतळी बॉम्बच आठवतो, म्हणजे मोकळ्या पटांगणात एका जागी धडाम, पण इथं पटांगणच नव्हतं हो, १३८० कोटी वर्षांपूर्वी जागाच ताणायला लागली आणि अजून ताणतेच आहे, त्यामुळे तो सगळीकडे झाला, तुमच्या रामकुंडावरसुद्धा.

पुरावा मागेल तो, आजकालची पोरं सोडत नाहीत. सुरुवातीची ३ लाख ८० हजार वर्षं सगळं इतकं तापलेलं होतं की उजेडाला सरळ जाताच येईना, सारखा इलेक्ट्रॉनवर आपटायचा. मग जरा निवलं, अणू जमले आणि उजेड सुटला. तोच उजेड ताणून ताणून आता मायक्रोवेव्ह, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी, झालाय, आणि येतो तो चहूबाजूंनी. १९६४ ला अमेरिकेत न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या अँटेनात सारखी खरखर यायची, जाता जाईना, आत कबुतरांनी घरटं केलेलं म्हणून त्यांना हाकललं, घाण खरवडून काढली, तरी खरखर आहे तिथंच. शेवटी कळलं की हा तोच जुना उजेड, आणि १९७८ ला नोबेल मिळालं. आपल्या जुन्या टीव्हीवर चॅनल नसलं की मुंग्या यायच्या ना, त्यातही थोडा वाटा त्याचाच होता.

आता ब्रह्मगिरी. तो बिचारा अगदीच अलीकडचा! पृथ्वीच मुळात साधारण ४५४ कोटी वर्षांची, आणि हा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, डायनासोर संपले त्या सुमाराचा, थरावर थर साचलेला. पांडवलेणी कोरलीत तीही याच दगडात.

मात्र त्याच डोंगरातून निघणाऱ्या गोदावरीच्या पाण्याची गंमत वेगळीच आहे. त्यातला ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला, तारे फुटले-विरले तेव्हा बाहेर पडला, पण हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे त्याच्या अणूचा गाभा, थेट बिग बँगनंतरच्या पहिल्या काही क्षणांतलं. म्हणजे देवघरातल्या तांब्यातलं पाणी दाखवून नातवाला बिनधास्त सांगा, यातला हायड्रोजन सूर्यापेक्षाही म्हातारा आहे.