'काळजी'चं माप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चिंता मोजणारी जीएडी-७ प्रश्नावली आम्ही मराठीत आणली. उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा केलेलं इंग्रजी) मूळ इंग्रजीशी जुळलं, क्रोनबाख अल्फाही चांगला आला. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी ती मराठीतून भरली, इतरांनी इंग्रजीतून. मराठी गटाची सरासरी जास्त आहे. त्यांच्यात चिंता जास्त, असं लिहावं का?

उत्तर : इतक्यात नको. सात प्रश्नांची उत्तरं एकमेकांना किती धरून आहेत, एवढंच अल्फा सांगतो. दोन्ही गटांत माप एकच आहे का, हे त्यातून कळत नाही.

उलट भाषांतरही फसवतं. 'वरीइंग'ला 'काळजी' लिहिलं, तर उलट येताना 'वरीइंग'च मिळणार. पण मराठीत काळजी ही मायासुद्धा असते. गावाकडच्या आईची रोज काळजी वाटते म्हणून ३ गुण (सर्वांत वरचा पर्याय) देणाऱ्या मुलीला चिंताविकार असेलच असं नाही. त्यामुळे आधी दहा-बारा जणांसोबत बसा. प्रत्येक प्रश्न त्यांच्या शब्दांत सांगायला लावा, उत्तर देताना काय आठवलं तेही विचारा. ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथेच सुरू होतो.

मग बहुगट घटक विश्लेषण करा, म्हणजे प्रश्नांमागची चिंता दोन्ही गटांत एकाच रीतीने मोजली जाते का, ते आकड्यांवरून तपासा. गटागणिक साधारण २०० जण तरी असावेत. उत्तरं ० ते ३ अशी असल्याने ती क्रमवाचक धरा (क्रम आहे, पण पायऱ्यांमधलं अंतर सारखं असेलच असं नाही), आणि अशा उत्तरांसाठीची डब्ल्यूएलएसएमव्ही ही गणनपद्धत वापरा. आधी रचना, मग भारांक (प्रत्येक प्रश्न चिंतेशी किती जोडलेला आहे), मग उंबरठे (किती चिंता असली की माणूस पुढच्या पर्यायावर जातो) दोन्ही गटांत सारखे ठेवून पाहा. बहुधा उंबरठ्यांपाशी अडतं: चिंता तेवढीच, पण एक गट 'निम्म्याहून जास्त दिवस'वर लवकर खूण करतो. सीएफआय (प्रारूप आकड्यांशी किती जुळतं त्याचा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर दोषी प्रश्न शोधा. हा आकडा अंदाजापुरता, कायदा नव्हे. एक-दोनच प्रश्न बिघडले असतील तर त्यांचे उंबरठे मोकळे सोडून सुप्त सरासऱ्यांची (कच्च्या गुणांच्या नव्हे, त्यांमागच्या चिंतेच्या) तुलना करा. प्रश्न काढून टाकू नका, २१ पैकी गुणांचा अर्थच जातो.

तुमच्याकडे शिक्षणाचं माध्यम आणि प्रश्नावलीची भाषा एकमेकांत गुंतली आहेत. दोन्ही भाषा येणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकून एकेक आवृत्ती द्या, म्हणजे भाषेचा परिणाम वेगळा दिसेल.

प्रश्न : १० किंवा जास्त गुण म्हणजे चिंताविकाराची शक्यता, ही सीमा मराठीत चालेल?

उत्तर : ती २००६ साली अमेरिकेतल्या प्राथमिक दवाखान्यांत ठरली, तिथे संवेदनशीलता (विकार असलेल्यांपैकी किती पकडले गेले) ८९ टक्के, विशिष्टता (विकार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले गेले) ८२ टक्के होती. भाषा एकच असूनही २०१५च्या अमेरिकी अभ्यासात सारखीच लक्षणं असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण इतरांपेक्षा कमी आले. म्हणून सीमा निदानासाठीच्या मुलाखतीवरून नव्याने तपासा. मुलाखत घेणाऱ्याला गुण माहीत नसावेत. कमी गुणांच्या काहींनाही बोलवा. फक्त जास्त गुणांचे बोलावले तर सुटून गेलेले रुग्ण दिसतच नाहीत आणि संवेदनशीलता फुगते.