दाढ काढल्यामुळे बुरशी लागत नाही, ती दाढ हलली का ते विचारा

तुम्ही विचारलंय की कोविडनंतर महिन्याभरात सासऱ्यांची वरची दाढ दुखायला लागली, काढली, जखम भरेना आणि आता जबड्याला म्युकर (लोक काळी बुरशी म्हणतात तो आजार) निघालं, तर ते दाढ काढल्यामुळे झालं का? आणि जबडा न काढता नुसत्या औषधांवर भागेल का?

पहिल्याचं उत्तर नाही. इतक्या ठामपणे लिहितेय, कारण हेच खापर 2021 पासून माझ्या डोक्यावर फुटलेलं आहे. माझ्या धाकट्या भावाला दाताच्या डॉक्टरांकडे मीच ओढून नेलं होतं.

दुसऱ्या लाटेत त्याला कोविड झाला. ताप होता, खोकला होता, पण ऑक्सिजन एकदाही 95 च्या खाली गेला नाही. तिसऱ्याच दिवशी आमच्या मोठ्या काकांनी ओळखीच्या कुणाला तरी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी फोनवर पाठवली आणि त्यावरून स्टिरॉइडच्या गोळ्या आणून सुरू केल्या. "छातीत उतरायच्या आधीच दाबून टाकायचा" असं त्यांचं म्हणणं. मी विरोध केला तेव्हा, "तुला काय कळतं" असं ऐकून घेतलं. ज्यांना ऑक्सिजन लावावा लागतो त्यांनाच डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा होतो, बाकीच्यांना नाही, हे ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून 2020 मध्येच स्पष्ट झालं होतं. तिथेही रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. आमच्याकडे डोसही अंदाजाने आणि दिवसही अंदाजाने. साखर कुणी एकदाही तपासली नाही.

बरा होऊन अठरा-वीस दिवस झाले असतील. एके दिवशी म्हणाला, दाढी करताना डाव्या गालावर ब्लेड फिरलेलं कळत नाही. मग वरच्या डाव्या दाढा ठणकायला लागल्या. एक नाही, शेजारशेजारच्या तीन. जीभ लावली तरी तिन्ही एकदम हलायच्या. कीड एकीलाही नव्हती. हिरडीवर पुवाची बारीक बारीक तोंडं दिसत होती. पाच दिवस अँटिबायोटिक घेऊन ढिम्म फरक पडला नाही, तेव्हा मी म्हटलं, अंगावर काढायचं नाही, चल.

मी खुर्चीशेजारीच उभी होते. मधली दाढ जोर न लावता हातात आली. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाबून धरला, काढला, आणि तो जवळजवळ पांढराच होता. खळगा कोरडा. आत राखाडी हाड दिसत होतं. त्यांनी सुईच्या टोकाने हाडाला टोचलं, रक्ताचा थेंब नाही. मग त्यांनी हातमोजे काढले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, आजच्या आज सीटी स्कॅन करा आणि साखर तपासा, उद्यावर टाकू नका. त्या माणसामुळे माझा भाऊ आज जिवंत आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या कोरड्या खळग्यात आहे. ही बुरशी श्वासातून नाकात जाते, तिथून गालामागच्या सायनसमध्ये, म्हणजे हाडातल्या पोकळीत, आणि सायनसचा तळ म्हणजेच वरच्या दाढांचं छत. म्हणून वरचा जबडा जास्त सापडतो, खालचा क्वचित. आत गेली की ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते, आत गुठळ्या होतात, रक्त पोचेनासं होतं आणि हाड मरतं. मेलेल्या हाडात दाढ कशी टिकेल? ती हलली हेच बुरशी आधीपासून आत असल्याचं लक्षण होतं. काळी असते ती मेलेली कातडी आणि मांस, बुरशी नव्हे. "काळी बुरशी" या नावाने लोकांना उगाच घाबरवलं. संसर्गजन्यही नाही, पण माझ्या भावजयीने भीतीपोटी मुलांना महिनाभर त्याच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

काकांनी मात्र दवाखान्यातच सुनावलं, "दाढ उपटलीत, भोक पडलं, त्यातून बुरशी शिरली. वाफ घे म्हटलं असतं तर दोन दिवसांत बरा झाला असता." आजही कुठल्या कार्यात भेटले की विषय तिथेच येतो.

28 जून 2021 ला केंद्र सरकारने देशभरातले आकडे सांगितले होते : 40,845 रुग्ण, त्यातले 31,344 नाक, सायनस, मेंदू या वाटेचे. 64 टक्के मधुमेही, निम्म्याहून जास्त जणांना स्टिरॉइड दिलेलं. साखर वाढली की बुरशीला खाणाऱ्या पांढऱ्या पेशी लुळ्या पडतात, आणि रक्तात आम्ल वाढलं तर बांधलेलं लोह सुटं होतं, ते या बुरशीला लागतंच. स्टिरॉइड साखरही वाढवतं आणि प्रतिकारशक्तीही दाबतं. घर असं उघडं टाकल्यावर चोर कुठल्या खिडकीतून आला यावर भांडायचं का?

आता दुसरा प्रश्न. नुसत्या गोळ्यांवर? माझं मत, त्या आशेवर दिवस घालवू नका. रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही, ते रक्तातूनच जातं ना. भावाचा डावा वरचा जबडा आणि टाळूचा अर्धा भाग काढला. सर्जननी सांगितलं, हाडातून ताजं रक्त दिसेपर्यंत खरवडत गेलो. त्यानंतर चार आठवडे रोज लायपोसोमल अँफोटेरिसिन, हे बुरशीवरचं इंजेक्शन. ते साध्या मिठाच्या सलाईनमधून चालत नाही, डेक्स्ट्रोजमधून देतात, म्हणजे मधुमेह्याला साखरच आत जाते, वर इन्सुलिन. थंडी वाजून पलंग हलायचा, पोटॅशियम घसरायचं, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन रोज बघायचं. त्या मे-जूनमध्ये इंजेक्शन मिळवायला काय पळापळ केली ते लिहीत नाही. नंतर कित्येक महिने बुरशीवरच्याच पोसाकोनाझोलच्या गोळ्या.

सासऱ्यांच्या जबड्याचा तुकडा तपासला तेव्हा रिपोर्टमध्ये नेमकी कोणती बुरशी लिहिली आहे ते बघा. रुंद, पडदे जवळजवळ नसलेले, काटकोनात फांद्या फुटलेले धागे असतील तर म्युकर. अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशीही जबड्यात होते आणि तिचं औषध वेगळं. व्होरिकोनाझोल अ‍ॅस्परजिलसवर उत्तम, म्युकरवर चालत नाही. फ्लुकोनाझोलही नाही.

जबडा काढल्यावर काय, हे कुणी आधी सांगत नाही. पहिल्यांदा पाणी प्यायला तेव्हा ते सगळं नाकातून बाहेर आलं. बोलणं कळेना, म्हणून पाटीवर लिहायचा. मग टाळूचं भोक बंद करणारी प्लेट बसवली, ऑब्च्युरेटर म्हणतात. ती घातल्यावर पहिलं वाक्य तो मला "ताई, ऐकू येतंय ना नीट?" असं म्हणाला. जखम आक्रसते तशी प्लेट बदलावी लागते, रोज काढून धुवावी लागते. पुढे गालाच्या हाडात लांब स्क्रू बसवून त्यावर दातही बसवता येतात, पण बुरशी पुरती गेल्याची खात्री झाल्यावरच.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. साखर हाताबाहेर असताना दाढ काढल्यावर त्या जखमेतूनच म्युकर झाल्याचे रुग्णही डॉक्टरांनी नोंदवले आहेत, तेव्हा माझं वरचं "नाही" प्रत्येकाला लागू धरू नका. तुमच्या सासऱ्यांची दाढ आधीपासून हलत होती का, गाल बधिर होता का, काढल्यावर रक्त आलं का, हे सर्जनना सांगा. आणि आजार थोडक्यात असेल किंवा तब्येत भूल सोसण्यासारखी नसेल तर औषधांवर भर देतात. तो निर्णय त्यांचा, माझा नाही.

काकांनी स्टिरॉइड दिलं नसतं तर हे झालंच नसतं, असंही मी म्हणू शकत नाही. दाढ काढली त्याच संध्याकाळी भावाची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासली, ती 10.2 टक्के निघाली. दहा दिवसांच्या गोळ्यांनी ती एवढी चढत नाही. म्हणजे मधुमेह कोविडच्या आधीपासून होता आणि घरात कुणालाच माहीत नव्हता, मलाही नाही. तो कागद मी काकांना दोनदा दाखवला. दोन्ही वेळा त्यांनी चष्मा नाही म्हणून परत दिला. तुमच्या घरी दाढ काढायला नेल्याबद्दल कुणी तुम्हाला बोलत असेल, तर सासऱ्यांचाही तो रिपोर्ट काढून घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवा.