उपचार थांबवले तर मुलाचे मन मोडेल का?

ताई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला आहे, दोन प्रकारच्या केमोथेरपीचा उपयोग झाला नाही आणि तिसरीने फार तर काही आठवडे मिळतील, असे डॉक्टर सांगतात. तुम्हाला आता थांबायचे आहे. मुलगा मात्र ‘माझ्यासाठी तरी घे’ म्हणून हट्ट धरून आहे. ही आत्महत्या ठरेल का आणि त्याचे मन मोडण्याचा मला अधिकार आहे का, असे तुम्ही विचारता.

पहिल्याचे उत्तर ठामपणे देते: नाही. उपचार नाकारल्यावर येणारा मृत्यू आजाराने येतो. वेदनेसाठी मॉर्फिन घ्यायलाही कचरू नका. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य घटत नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे. शरीर तुमचे, म्हणून निर्णय तुमचा, एवढे सांगून मला मोकळे होता आले असते. पण आई मुलाचे काहीच देणे लागत नाही, असे मला वाटत नाही. मात्र ते देणे यातना सोसून फेडायचे नसते. त्याच्या हट्टामागे, मला वाटते, एक भीती आहे: आईसाठी आपण पुरेसे केले नाही, ही टोचणी जन्मभर राहील. ती आज तुम्हीच दूर करू शकता, तुमच्या माघारी कोणालाही ते जमणार नाही. म्हणून ‘तू सगळे केलेस, आता थांबायचे मी ठरवते आहे’ हे त्याला तुमच्याच तोंडून ऐकू द्या.

पुढच्या भेटीला त्याला सोबत न्या आणि औषध घेतले तर ते आठवडे कसे जातील, न घेतले तर कसे, हे त्याच्यासमोर डॉक्टरांना विचारा. उपशामक, म्हणजे यातना कमी करणाऱ्या, उपचारांची चौकशीही तेव्हाच करा, कारण ते म्हणजे हात टेकणे, असा त्याचा समज असू शकतो. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून अधिक जगले, इतरांपैकी निम्मे ८.९ महिन्यांहून अधिक. तुमचा आजार वेगळा आहे, त्यामुळे हे आकडे तुम्हाला लावू नयेत. पण यातना कमी करणे म्हणजे आयुष्य तोडणे नव्हे, हे त्याला यावरून पटू शकेल.

एवढे करूनही तो रडेल, कदाचित रागावेल. रागावू द्या, निर्णय बदलू नका. आणि बोलता येत आहे तोवर, व्हेंटिलेटर नको असल्यास तेही, तुमची इच्छा लिहून ठेवा, म्हणजे त्या रात्री ते ठरवण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.