‘ध्यानाला बसलं की राग वाढतोच, मॅडम’

‘राग सोडून द्यायचा म्हणून डोळे मिटून बसते आणि उठते तेव्हा जास्तच चिडलेली असते. माझं काय चुकतंय?’ समुपदेशनात हा प्रश्न नेहमी येतो. उत्तरासाठी एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचे तपशील त्यात एकत्र केले आहेत.

पन्नाशीतल्या ताई, राहायला डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. आई गेली आणि वर्षाच्या आत मोठ्या भावाने गिरगावातली पागडीची खोली परस्पर देऊन टाकली. बहिणीला साधं विचारलंही नाही. घरचे म्हणत, ‘जाऊ दे ना आता, झालं गेलं.’ म्हणून त्या रोज पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी, मोबाइलवर ध्यानाचं रेकॉर्डिंग लावून 20 मिनिटं बसायच्या. रेकॉर्डिंगमध्ये सांगायचे, श्वासाबरोबर राग बाहेर सोडा. पाच-सात मिनिटांत दात आवळलेले आणि मनात दादाशी भांडण जुंपलेलं.

ताई ध्यानाची केरसुणी करू पाहत होत्या, सगळं त्यातच बिघडत होतं. भावना हाकलायला बसलं की मन सारखं तपासतं, ‘गेला का राग?’ आणि तपासायला तो पुन्हा बाहेर काढावाच लागतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या 1987 च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल डोकावत राहिलंच. शिवाय नंतर विचार करायला मोकळीक दिल्यावर, आधी दाबून धरणाऱ्यांना ते इतरांपेक्षा जास्त आठवलं.

‘राग हाकलू नका, त्याचा स्वीकार करा’ म्हटल्यावर ताई उसळल्या, ‘म्हणजे त्याने केलं ते बरोबर?’ अजिबात नाही. दादा चुकला हे तसंच राहतं. आत्ता आपल्या आत राग आहे, एवढंच मान्य करायचं. आपली भाषा इथे मदतीला येते. आपण ‘राग आला’, ‘रडू आलं’ म्हणतो. जे येतं ते जातंही, फक्त त्याला ढकलायचं नाही.

मग 20 मिनिटांची 5 केली. मांडी घालायची सक्ती नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची, दोन्ही तळवे फरशीवर, डोळे अर्धे उघडे. पहिलं मिनिट फक्त तळव्यांकडे: फरशीचा गारवा, टाचांवरचा भार. नंतर एक त्रासदायक आठवण घ्यायची, पण हलकी, 10 पैकी 3-4 त्रास देणारी. खोलीच्या कागदपत्रांपासून सुरुवात नको. दादाचा सकाळचा फुलांचा मेसेज पुरे. आता शरीरात शोधायचं. ताईंनी कानाखाली बोट ठेवलं, ‘इथे दगड आहे.’ तो केवढा, गरम की गार, स्थिर की ठणकतोय? मनात म्हणायचं, ‘राग आलाय, जबड्यात आहे.’ श्वास हवा तसा चालू द्यायचा, दगड फोडायला वापरायचा नाही. ‘त्याने असं का केलं’ सुरू झालं की ‘ही मनातली कहाणी’ एवढं म्हणून परत जबड्याकडे. शेवटचं मिनिट पुन्हा तळवे.

दुसऱ्या आठवड्यात जबडा सुटला आणि रडू कोसळलं. खोलीतला आईचा पाटा-वरवंटा आठवला होता, झिजून मध्ये खोलगट झालेला. रागाखाली शोक होता. ताईंना वाटलं, परत बिघडलं. खरं तर तोवर रडायला जागाच मिळाली नव्हती. अशा वेळी पाय फरशीवर ठेवून रडून घ्यावं. त्रास 7 च्या वर चढला तर मात्र थांबावं: डोळे पूर्ण उघडून समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, मनगटांवर गार पाणी घ्यायचं, त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही.

‘मग इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला 10 दिवस जाऊनच येऊ का?’ त्यांनी विचारलं. इतक्यात नको. तिथे मौन असतं आणि दिवसाला सुमारे 10 तास ध्यान. जखम ओली असताना ते झेपेलच असं नाही. ज्यांना पूर्वीच्या मारहाणीची किंवा अत्याचाराची दृश्यं डोळ्यांपुढे येतात, धाप लागून घाबरं होतं, त्यांनी तर हे 5 मिनिटांचं ध्यानही एकट्याने करू नये. जीव द्यावासा वाटत असेल तर ध्यान बाजूला ठेवून लगेच माणसाशी बोलावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

सहाव्या आठवड्यात, सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यातल्या गर्दीत उभं असताना दादाचा मेसेज आला. जबडा आवळला. ताईंनी तळव्यांवर भार दिला, ‘राग आलाय’ म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला. उत्तर रात्री लिहिलं: ‘आईचा पाटा-वरवंटा कुठे आहे? मला हवाय. खोलीच्या पैशांचं रविवारी समोरासमोर बोलू.’ राग तेव्हाही होता. किती, विचारल्यावर म्हणाल्या, ‘चार.’