स्टँझा म्हणजे कडवंच का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी कवितेचं भाषांतर करताना स्टँझाला कडवं म्हणावं का, आणि दोन स्टँझांमधली मोकळी ओळ जागेअभावी काढली तर बिघडतं का. कडवं खुशाल म्हणा. मोकळी ओळ मात्र काढू नका. कारण 'स्टँझा' या शब्दातच आहे.

इटालियनमध्ये आजही 'स्तांत्सा' म्हणजे खोली. झोपायची खोली ती 'स्तांत्सा दा लेत्तो'. व्हॅटिकनमधल्या राफाएलने रंगवलेल्या दालनांचं नावही 'स्तांत्से'च. मूळ लॅटिन धातू 'स्तारे', म्हणजे उभं राहणं. हा आपल्या 'स्था'चा सख्खा भाऊ. त्या हिशोबाने 'स्थान' आणि 'ठाणं' ही स्टँझाची चुलत भावंडंच झाली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी तेच घोळवत होते.

इटालियन कवी दान्तेने कवितेच्या स्तांत्साचा अर्थ सांगतानाही घराचीच उपमा दिली आहे: काव्याची सगळी कारागिरी जिथे मावते असं ऐसपैस दालन. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. तेव्हा तो किती नवा होता हे शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट' या नाटकात दिसतं. त्यातलं एक पात्र, जेक्विस, गाणाऱ्याला म्हणतो, अजून एक 'स्टँझो' होऊ दे, आणि लगेच विचारतो, तुम्ही स्टँझोच म्हणता ना त्याला? पुढे इंग्रजी कवी जॉन डनने 'द कॅननायझेशन' या कवितेत लिहिलं की आपण सुनीतांमध्ये सुंदर खोल्या बांधू. इटालियन अर्थ ठाऊक असेल तरच ही ओळ पुरती उलगडते.

आता 'ओत्तावा रीमा' हा आठ ओळींच्या स्टँझाचा प्रकार बघा. पहिल्या सहा ओळींत दोनच यमकं आलटूनपालटून येतात आणि शेवटच्या दोन ओळी नव्या यमकाने एकमेकींना जुळतात. दार ओढून घेतल्यासारखं वाटतं. इंग्रजी कवी बायरन 'डॉन हुआन' या दीर्घकाव्यात नेमका तिथेच टोला हाणतो.

गाण्यातलं आपलं कडवं संपलं की आपण ध्रुपदाकडे परततो. ध्रुपद नसलेल्या कवितेत तसं परतणं नसतं, वाचक पुढच्या खोलीत जातो. मधली मोकळी ओळ हा त्याचा उंबरठा. कधी वाक्य एका स्टँझात सुरू होऊन पुढच्यात संपतं. तिथे कवीने वाचकाला मुद्दाम उंबरठ्यावर थांबवलेलं असतं. जागा कमीच पडत असेल तर अक्षरं बारीक करा.